सात जणांची गाडी

दात्यांचं खरं आडनाव दाते नव्हतं. एका मोठ्या दंतवैद्याच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवत, म्हणून कधीतरी कुणीतरी गमतीनं त्यांना दाते म्हणालं आणि ते नाव असं घट्ट बसलं की तसं बसणं कवळीलाही जमत नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दात्यांचं भरलं होतं. दोन मुलं शिकली, मुलीचं लग्न झालं, तीन खोल्यांचं घर झालं, आणि हे सगळं तोंडातून चकार शब्द न काढता. त्या मागच्या खोलीत बोलायला होतं तरी कोण? फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा दिवा, घरघरणारं पॉलिशचं चाक आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त समोरची भिंत दिसे. पेशंट सगळे पुढच्या बाजूला. नवी कवळी लावून माणूस पहिल्यांदा आरशात बघून हसतो, ते हसू दात्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडून ऐकलं मात्र पुष्कळदा.

पूर्वी घरी गेलं की बोलायला बायको होती. मग मुलीला जुळं झालं, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि बायको दूरच्या शहरात लेकीकडे बाळंतपणाला गेली. "चार महिन्यांत येते," असं म्हणून एकच बॅग घेऊन गेली. चार महिन्यांनी लेकीची नोकरी सुरू झाली. मग जुळ्यांची आजारपणं सुरू झाली, एकाचं संपलं की दुसरीचं. मग बायकोनं फोनवर सांगितलं म्हणून दात्यांनी तिचे गरम कपडे पाठवले. मग वाचायचा चष्मा. मग एक दिवस शिवणयंत्र. ते दात्यांनी स्वतः जुन्या दोन रजयांत गुंडाळून, दोरीनं आवळून, टेम्पोत चढवून दिलं. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासा झाला तरी ते तिथंच उभे होते. पण मशीन तिनंच मागितली होती, मग कुणाला काय विचारणार? आता जुळी शाळेत जाऊ लागली होती.

भांडण झालं नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"फ्लॉवरची भाजी," दाते सांगत. समोरच्या बशीत ऑम्लेट-पाव असे. हा फ्लॉवर ते आठवड्यातून दोनदा तरी खात, फोनवर.

मुलगा दात्यांच्याच शहरात होता, पण दुसऱ्या टोकाला आणि हॉटेलात कामाला. जगाला सुट्टी असली की त्याला काम. महिन्यातून एखाद्या दुपारी तो यायचा, फ्रीज उघडून बघायचा, "बाबा, नीट खात जा हो," म्हणायचा आणि सोफ्यावर पडल्यापडल्या झोपून जायचा. दाते पंखा एकवर करून, आवाज न करता, समोरच्या खुर्चीत बसून राहत.

एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू होता. लेकीच्या हॉलमध्ये जुळ्यांनी दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू केला होता आणि आत बसून दोघं किंचाळत होती. बायको म्हणाली, "अहो, आठवतं? आपण गेलो होतो तळ्यावर तंबू घेऊन, आपली दोघं एवढी असताना."

न आठवायला काय झालं? कुणाचा तरी मागून आणलेला तंबू, बसमधून उतरल्यावर सामान डोक्यावर घेऊन केलेली पायपीट, रात्री आलेला पाऊस आणि चौघांनी मिळून धरून ठेवलेले तंबूचे चार खांब. सगळे ओलेचिंब, आणि बायको हसतेय, थांबतच नाहीये.

दाते म्हणाले, "पुन्हा जाऊ. मोठी गाडी घेतो मी. सगळे मावतील अशी. मागे झोपायची खोलीसुद्धा जोडू चाकांवरची."

"घ्या की बाबा!" लेक हसली. मागून जावयाचा आवाज आला, "पुढची सीट माझी हं!" मग कुणीतरी दुधाचा पेला सांडला आणि फोन बंद झाला.

बाकीच्यांसाठी विषय तिथं संपला. दाते मात्र तो शब्द धरून बसले. त्यांचं आयुष्यभर असंच होतं. कुणी सहज काही म्हणालं की ते त्यांना काम सांगितल्यासारखं वाटे. घ्या की, म्हणाली ना लेक? मग घ्यायची.

नवी एवढी मोठी गाडी त्यांच्या आवाक्यातली नव्हती. वापरलेलीच बघावी लागणार होती. त्यांनी ओळखीच्या मेकॅनिकला गाठलं. या मेकॅनिकच्या पुढच्या दोन दातांचं काम दात्यांच्या हातचं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर तो तोंडावर हात न ठेवता हसायचा. त्या दिवशी जरा जास्तच हसला.

"दाते, या श्रीमंतांच्या गाड्या जुन्या झाल्या की स्वस्त का होतात ठाऊक आहे? हत्ती स्वस्तात मिळतो हो, चारा स्वस्तात मिळत नाही."

"मागे खोली ओढायचीय मला. ताकद पाहिजे."

"ओढणार कुणाला? घरी कोण आहे तुमच्या?"

"सुट्टीत येणारेत सगळे," दाते म्हणाले.

मेकॅनिक मग त्यांच्याबरोबर गाड्या बघायला निघाला. दोन-तीन गाड्या त्यानं बघताक्षणीच नापास केल्या. एकीच्या गालिच्याखाली गाळ सापडला, म्हणजे ती कधीतरी पुरात बुडून आलेली होती. शेवटी एका निवृत्त वकीलबाईंची गाडी निघाली. काळी, उंच, सात जागांची, आत सायीच्या रंगाचं कातडं, छपराला काच. वकीलबाई गॅरेजच्या दारात काठी टेकून उभ्या होत्या.

"नवरा गेला, गुडघे गेले, गाडी राहिली," त्या म्हणाल्या. "आता हिच्यात चढायला मला शिडी लागते."

मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि बऱ्याच वेळानं हात पुसत बाहेर आला. इंजिन चोख होतं, ओढायची ताकद भरपूर. फक्त एक गोष्ट त्यानं दात्यांना बाजूला घेऊन सांगितली: या गाडीला स्प्रिंगा नाहीत, चारी चाकांवर हवेच्या पिशव्या आहेत, आणि मागची डावी जरा म्हातारी झाली आहे. "एखाद्या सकाळी गाडी एका कुशीवर निजलेली दिसली तर घाबरू नका. सुरू करायची आणि थांबायचं. हवा भरली की उठते."

किल्ली हातात देण्यापूर्वी वकीलबाईंनी विचारलं, "घरात किती जण आहात तुम्ही?"

दाते थबकले. मनातल्या मनात त्यांनी बोटं मोजली. आपण, बायको, लेक, जावई, जुळी दोन, मुलगा. "सात," ते म्हणाले.

"बरं झालं. एकट्या माणसाला नव्हती द्यायची मला ती."

त्यावर दाते नुसतं हसले. घरी येईपर्यंत ते वाक्य मात्र पायात गेलेल्या काट्यासारखं सलत राहिलं.

गाडी इमारतीच्या आवारात शिरली तेव्हा शेजारी गॅलरीत आले. "काय हो दाते, लग्नबिग्न काढलंत की काय?" दात्यांनी हात हलवला. गाडी जागेवर लावली तर तिचं नाक रस्त्याकडे दोन हात बाहेर राहिलं.

त्या दिवसापासून त्यांच्या संध्याकाळी गाडीत जाऊ लागल्या. दवाखान्यातून आले की वर न जाता ते आधी गाडीत बसत. कधी जावयाच्या जागी, कधी लेकीच्या. अगदी मागच्या दोन छोट्या सीटवर अंग चोरून बसून त्यांनी पाहिलं की जुळ्यांना बाहेरचं किती दिसेल. चालकाच्या दारावर एक आणि दोन असे आकडे लिहिलेली बटणं होती. एक दाबलं की सीट वकीलबाईंच्या मापाची होई. दोन दाबलं की सीट सरसर मागं जाई, पार मागं. वकीलबाईंचे यजमान चांगलेच उंच असावेत. दाते त्या जागी बसले की त्यांचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नसत. ते माप पुसून स्वतःचं भरता आलं असतं. त्यांनी भरलं नाही. मेलेल्या माणसाची बसायची जागा कशाला हलवा?

मग एका संध्याकाळी फोन लावून त्यांनी कॅमेरा गाडीभर फिरवला.

"बाबा, खरंच घेतलीत?" लेक म्हणाली.

जुळी फोनवर तुटून पडली. "छप्पर उघडतं का? आजोबा, छप्पर उघडा!" दात्यांनी छप्पर उघडलं. मग बंद केलं. मग पुन्हा उघडलं. या सगळ्या गलक्यात बायकोचा आवाज आला, "अहो, धुणार कोण ती?"

शाळेला सुट्टी लागली की जायचं ठरलं. तळ्याकाठी मुक्कामाची जागा दात्यांनी सांगून ठेवली. मेकॅनिकच्या आवारात एक जुनी चाकांवरची खोली पडून होती: दोन बाकं, ज्यांचे रात्री पलंग होत, एक शेगडी, एक एवढंसं बेसिन. दात्यांनी ती सुट्टीपुरती मागून घेतली. बाकीच्यांसाठी दोन तंबू. मेकॅनिकनं गाडीच्या मागे ओढायचा हुक बसवला, दिव्यांच्या तारा जोडल्या आणि बजावलं, "पुढे जायला कुणालाही येतं. मागे घ्यायला शिका आधी."

त्याचं बरोबर होतं. मागे जोड असलेली गाडी उलटी घ्यायची तर चाक डावीकडे फिरवलं की खोली उजवीकडे जाते, आणि जरा चुकलं की गाडी आणि खोली चाकूसारख्या एकमेकींवर मिटतात. एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात दाते रविवारी सराव करू लागले. खोलीमागचं काही दिसत नसे. तिथं माणूस हवं, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारं. ते नव्हतं. म्हणून दाते थोडी गाडी मागे घेत, खाली उतरत, मागे जाऊन बघत, परत वर चढत, पुन्हा थोडी मागे घेत. उन्हात घामाघूम होत. तिथली एक कुत्री सावलीतून त्यांच्याकडे बघत असे. तिच्याकडे पाहिलं की दात्यांना उगाचच ओशाळल्यासारखं होई.

एका रविवारी मुलगा आला. हॉटेलच्या काळ्या बुटांवरच, मधल्या सुट्टीतला वेळ काढून. त्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि मागे जाऊन उभा राहिला.

"येऊ द्या... येऊ द्या... बाबा, डावीकडे! तुमच्या डावीकडे! येऊ द्या... बस्स!"

तासाभरात जे आठवड्यांत जमलं नव्हतं ते जमलं. खोली दोन पिंपांच्या मधोमध जाऊन सरळ उभी राहिली. मुलानं टाळ्या वाजवल्या. मग दोघं गाडीचं मागचं दार उघडून कडेला बसले, पाय हलवत सँडविच खाऊ लागले. असे दोघंच कधी बसलो होतो, हे दाते आठवू लागले. आठवेना.

"बाबा," मुलगा सँडविचचा कागद नीट घडी करत म्हणाला, "मला नव्या हॉटेलात पाठवताहेत. समुद्रापलीकडे. मोठी जागा आहे, हुद्दा वाढवून. पुढच्या आठवड्यात जायचंय."

"छानच की."

"सुट्टीत नाही येता येणार मला."

"अरे, त्यात काय? असल्या संधी रोज येतात का?" दाते म्हणाले. आवाज नीट निघाला याचं त्यांनाच बरं वाटलं. मुलगा जाताना वाकून नमस्कार करायला लागला, मग मध्येच त्यानं मिठीच मारली. त्या गडबडीत दात्यांच्या चष्म्याची काडी वाकली. ती सरळ करत ते बराच वेळ तिथंच उभे राहिले.

सुट्टी जवळ आली आणि लेकीचा फोन आला. जावयाची रजा नामंजूर झाली होती. नातवाचा कान फुटला होता, डॉक्टर म्हणाले पाण्याच्या आसपाससुद्धा न्यायचं नाही. आणि भाऊ नाही तर नात कुठली यायला? "पुढच्या वेळी नक्की, बाबा. रागावला नाहीत ना?"

"छे गं. गाडी कुठे पळून चाललीय?"

फोनमध्ये कुजबूज झाली, मग पावलं, मग एक दार लागल्याचा आवाज. बायको बोलत होती. "मी येते."

"एकटी?"

"का? नको येऊ?"

"नाही, तसं नव्हे," दाते म्हणाले. "ये ना."

स्टेशनावर ती उतरली तेव्हा क्षणभर दात्यांनी तिला ओळखलंच नाही. केस कापून खांद्यापर्यंत आणले होते. पायात धावायचे बूट होते, चाल झपझप झाली होती. फोनवर यातलं काही दिसत नसे. फोनवर दिसायचं कपाळ आणि एक डोळा. गाडीपाशी येऊन तिनं मान वर करून पाहिलं.

"अगंबाई! ही गाडी आहे की जहाज?"

दात्यांनी हात दिला, ती चढली. मागे पाच रिकाम्या जागा आणि त्यामागे रिकामी खोली घेऊन दोघं निघाले.

रस्ता लांबचा होता. सुरुवातीला ती पुष्कळ बोलली. जुळ्यांची शाळा, जावयाचा स्वभाव, मग तिची शिवणाची शिकवणी. लेकीच्या इमारतीतल्या बायका तिच्याकडे शिकायला येत होत्या. "तळमजल्यावरची एक आहे ना, तिनं परवा पहिला फ्रॉक शिवला, आणि ती डॉक्टर मुलगी..." बोलता बोलता ती थांबली. "तुम्हाला काय ठाऊक म्हणा त्या."

"सांग की."

"असू दे."

दात्यांकडे सांगण्यासारखं काय होतं? दवाखान्यात नवं पॉलिशचं चाक आलं होतं, ते त्यांनी सांगितलं. ते सांगून झाल्यावर एका मोठ्या पुलावरून गाडी गेली, आणि तो संपेपर्यंत दोघंही नदीकडे बघत राहिले.

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. त्यांची जागा दोन झाडांच्या मध्ये होती. बायको मागे जाऊन उभी राहिली आणि उत्साहानं हाका मारू लागली, "या, या, या, या..." दाते येत गेले. आरशात ती दिसेना, नुसतं "या" ऐकू येई. मग काडकन आवाज झाला. खोलीचा कोपरा झाडात घुसला होता.

"अगं, बस्स म्हणायचं ना!"

"मला काय ठाऊक कुठे बस्स म्हणायचं ते!" असं म्हणून ती हसू लागली. कमरेवर हात ठेवून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दात्यांना आधी राग आला. मग चेपलेला पत्रा बघून तेही हसले. शेजारच्या तंबूतलं एक मोठं कुटुंब धावत आलं, सगळ्यांनी मिळून खोली ढकलून सरळ केली. त्यांची चार मुलं रिकाम्या सीटांवर चढून उतरून गेली. ती गेल्यावर गाडी आणखीच रिकामी दिसायला लागली.

संध्याकाळी दोघं घडीच्या खुर्च्या टाकून पाण्याकडे तोंड करून बसले. शेगडीवर चहा झाला होता. बायकोनं कप दोन्ही हातांत धरला होता.

"अहो, गाडी कुणासाठी घेतलीत?"

"सगळ्यांसाठी."

तिनं मान वळवून रिकाम्या गाडीकडे पाहिलं. दात्यांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "आपलं म्हणजे कसं, दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आलेत तर..."

ती हसली नाही. "मी आता परत नाही येणार, हे तुम्हाला कळलंय ना?"

पलीकडच्या तंबूत कुणीतरी भांडं घासत होतं. दाते तो आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "शिवणयंत्र नेलंस तेव्हाच कळलं."

"मी नेलं?" तिनं कप खाली ठेवला. "तुम्ही पाठवलंत. मी फोनवर आपलं सहज म्हटलं, इकडे मशीन असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, मशीन इथं आहे, तूच ये. तर तुम्ही दुसऱ्या दिवशी बांधूनबिंधून पाठवूनही दिलीत! रजया उलगडताना मी रडले, ठाऊक आहे? म्हटलं, या माणसाला घर मोकळं हवंय."

"तू म्हणालीस म्हणून पाठवली," दाते म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज फार बारीक वाटला.

"तेच तर. तुम्हाला सहज बोललेलं कळत नाही हो. आणि न बोललेलं तर त्याहून नाही."

"टेम्पो वळल्यावर मी तिथंच उभा होतो. किती वेळ ते..."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

पाण्यावर वारा सुटला होता. दात्यांना एकदम सगळं दिसलं: आपण आज्ञा समजून निमूटपणे केलेल्या किती गोष्टी समोरच्यानं दुरावा म्हणून घेतल्या असतील! आणि आपण मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेलो.

"आता म्हटलं तर?" त्यांनी विचारलं. "ये, असं आता म्हटलं तर?"

नाही म्हणताना तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आता माझं तिथं बस्तान बसलंय. सकाळी उठले की कुणीतरी मला हाक मारतं. दुपारी बायका येतात. तुमच्याकडे आले तर दिवसभर दार बघत बसायचं, तुम्ही येईपर्यंत. ते मी पुष्कळ वर्षं केलं." मग म्हणाली, "तुम्ही या की."

"काम आहे ना इथं."

"लोकांचे दात तिकडेही पडतात."

दाते यावर हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. ती आत जाऊन एका पलंगावर झोपली, ते दुसऱ्यावर. मधली वाट एवढी अरुंद की हात लांब केला असता तर पोचला असता.

सकाळी गाडी खरोखरच डाव्या कुशीवर निजलेली होती. दात्यांनी ती सुरू केली आणि खाली उतरले. पंप गुरगुरू लागला. दोघं दात घासत शेजारी उभं राहून तिचं हळूहळू उठणं बघत होते. "बापरे, तुमच्यासारखीच उठते," ती तोंडातल्या फेसातून म्हणाली. त्या दोन दिवसांत त्यांनी भांडी घासली, तळ्याला अर्धी फेरी मारली, जुळ्यांना फोनवर बदकं दाखवली. वाईट काहीच झालं नाही. मग त्यांनी तिला स्टेशनावर सोडलं. आगगाडी हलताना तिनं खिडकीतून नेहमीचंच सांगितलं, "नीट जेवा." आणि जरा थांबून, "फ्लॉवर पुरे आता." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं तर.

परत आल्यावर दात्यांनी खोली मेकॅनिकला पोचवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःला हवं म्हणून एक काम केलं. लेकीच्या शहरातल्या दवाखान्यांत फोन लावले. बहुतेक ठिकाणी सांगितलं गेलं, आता दात यंत्रावर छापले जातात, हातानं करणारा माणूस लागत नाही. एका ठिकाणी म्हातारे डॉक्टर होते; ते म्हणाले, यंत्राला न जमणारी अडलेली कामं अधूनमधून असतात, महिन्यातून आठवडाभर येत असलात तर बघू. महिन्यातून एक आठवडा म्हणजे काही संसार नव्हे. दाते हो म्हणाले. इथल्या दवाखान्यातून त्यांनी तेवढी सुट्टी मागून घेतली, आणि अंधार सरायच्या आत त्या अवाढव्य गाडीत एकटेच बसून निघाले. वाटेत एका टपरीवर चहावाल्यानं मागच्या जागांकडे बघत विचारलं, "बाकीचे कुठायत?"

"तिकडे आहेत," दाते म्हणाले. "मीच चाललोय त्यांच्याकडे."

लेकीचं घर दोन खोल्यांचं. हॉलच्या खिडकीखाली शिवणयंत्र होतं, त्यावर अर्धवट शिवलेली कुणाची तरी बाही. जेवायचं टेबल भिंतीला लावलेलं, भोवती पाच खुर्च्या, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. दात्यांनी चुकून नातवाची खुर्ची घेतली.

"ती माझी आहे," नातू म्हणाला.

"अरे, असं नसतं बोलायचं," लेक ओशाळली.

"बरोबर आहे त्याचं," दाते उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग त्यांनी घसा खाकरला. "मला बसायला द्या बरं काहीतरी."

बायकोनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. नात बाल्कनीत पळाली आणि कपडे वाळत घालायला चढायचं उंच स्टूल फरफटत घेऊन आली. जावयानं आपली खुर्ची सरकवून कोपऱ्यात जागा केली. स्टूल टेबलापेक्षा फार उंच होतं. दाते त्यावर बसले तेव्हा सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांना खिडकी दिसत होती, ताट मात्र लांब राहत होतं, आणि घास घ्यायला दर वेळी वाकावं लागत होतं. पलीकडे सगळे कसल्या तरी गोष्टीवर एकदम हसले. कशावर ते दात्यांना कळलं नाही.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मग नात पहिल्यापासून सांगू लागली.